मासे हाताळताना भूल देणारी औषधे: वापर, मात्रा आणि ताणावर होणारा परिणाम

मत्स्यबीज केंद्रावर सर्वांत जपून हाताळायचा मासा म्हणजे प्रजनक मासा. कटला, रोहू, मृगळ यांच्या माद्या प्रजननक्षम होण्यास साधारण दोन ते तीन वर्षे लागतात. अशी मादी हाताळताना टबमध्ये आपटली, तिचे खवले निघाले किंवा ती जास्त वेळ पाण्याबाहेर राहिली, तर लगेच मरतेच असे नाही. अनेकदा ती पोहत निघून जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी मेलेली आढळते. मादीसोबत त्या हंगामाचे बीजही हातचे जाते.

ही हानी टाळण्यासाठी माशांना भूल देण्याची पद्धत जगभर वापरली जाते. आपल्याकडे लवंग तेल सहज मिळत असल्याने अनेक मत्स्यपालक त्याचा वापर करू लागले आहेत. मात्र भूल दिल्यावर मासा शांत दिसतो, म्हणजे त्याच्यावरील ताण संपला असे नाही. मात्रा, पाणी आणि वेळ यांपैकी एकही गोष्ट चुकली तर भूल हाच नवा ताण ठरतो. त्यामुळे भूल कधी द्यावी, किती द्यावी आणि कधी अजिबात देऊ नये, हे समजून घेणे आवश्यक आहे.

ताण म्हणजे माशाच्या शरीरात नेमके काय होते?

मासा जाळ्यात अडकला, पाण्याबाहेर काढला किंवा दाटीत ठेवला, की काही सेकंदांत त्याच्या रक्तात ॲड्रेनालिन वाढते. पुढील काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते. या दोन्हींमुळे पुढील बदल होतात.

- रक्तातील साखर वाढते. शरीरातील साठवलेली ऊर्जा वेगाने खर्च होते.
- हृदयाचे ठोके आणि कल्ल्यांची हालचाल वाढते, म्हणजे ऑक्सिजनची गरज वाढते. नेमक्या त्याच वेळी टबमधील ऑक्सिजन कमी होत असतो.
- धडपडीमुळे स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते. मासा थकतो. हाताळणीनंतर काही तासांनी होणाऱ्या मरतुकीचे हे एक प्रमुख कारण आहे.
- गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील क्षार कल्ल्यांमधून बाहेर जातात आणि पाणी आत शिरते. हा तोल सावरताना माशाची बरीच शक्ती खर्च होते.
- अंगावरील बुळबुळीत थर निघाल्याने जिवाणू व बुरशीला वाट मिळते. कॉर्टिसॉल बराच काळ जास्त राहिल्यास प्रतिकारशक्ती घटते. एरोमोनास जिवाणूमुळे होणारे व्रण आणि कापसासारखी दिसणारी बुरशी अशा माशांवर लवकर येते.
- प्रजनक माशांमध्ये अंडी पक्व होण्याची व सोडण्याची प्रक्रिया बिघडू शकते.

थोड्या वेळाचा ताण मासा सहन करतो आणि काही तासांत सावरतो. तीव्र ताण, लांबलेला ताण किंवा एकामागोमाग एक आलेले ताण त्याला झेपत नाहीत. जाळे ओढणे, वजन करणे, इंजेक्शन देणे आणि वाहतूक ही चार कामे एकाच दिवशी केल्यास परिणाम साठत जातो.

भूल देणारे औषध काय करते आणि काय करत नाही?

पाण्यात मिसळलेले औषध कल्ल्यांमधून रक्तात जाते आणि मेंदूचे काम मंदावते. मासा धडपडत नाही, त्यामुळे खवले निघणे, जखमा होणे आणि लॅक्टिक आम्ल साठणे कमी होते. हा खरा फायदा आहे.

त्याचबरोबर पुढील मर्यादाही लक्षात घ्याव्यात.

- जाळ्यात पकडताना आलेला ताण भूल देऊन पुसता येत नाही. संप्रेरके त्याआधीच रक्तात आलेली असतात.
- काही औषधांमुळे कल्ल्यांची आग होते. औषधाच्या पाण्यात सोडताच मासा उसळतो, ते याच कारणाने.
- भूल चढली की कल्ल्यांची हालचाल मंदावते. पाण्यात हवा सोडली नाही तर मासा शांत पडून गुदमरतो आणि बाहेरून ते लक्षातही येत नाही.
- खोल भूल जास्त वेळ राहिल्यास कॉर्टिसॉल उलट वाढू शकते.
- मेटोमिडेटसारखे औषध शरीरात कॉर्टिसॉल तयार होण्याची क्रियाच अडवते. अशा माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल कमी आढळले, तरी ऑक्सिजनची कमतरता किंवा क्षारांचा बिघडलेला तोल तसाच असू शकतो.

थोडक्यात, औषधामुळे धडपड थांबते. ताण कमी होईल की वाढेल, हे आपल्या कामाच्या पद्धतीवर ठरते.

भुलीच्या अवस्था कशा ओळखाव्यात?

१. हलकी गुंगी: मासा सरळ पोहतो, पण हात जवळ नेल्यास दचकत नाही. वाहतूक किंवा थोडा वेळ धरून ठेवण्यासाठी एवढीच अवस्था पुरेशी असते.

२. तोल जाणे: मासा कलंडतो, सरळ होण्याचा प्रयत्न करतो. शेपटीजवळ दाबल्यास हालचाल करतो.

३. पूर्ण भूल: मासा पोट वर करून किंवा आडवा पडतो. शेपटीजवळ दाबूनही हलत नाही. कल्ल्यांची हालचाल मंद, पण नियमित असते. अंडी काढणे, खूण लावणे, मोजमाप घेणे ही कामे या अवस्थेत करावीत.

४. धोक्याची अवस्था: कल्ल्यांची हालचाल थांबते किंवा मध्येच एखादा झटका येतो. मासा ताबडतोब स्वच्छ पाण्यात हलवावा. उशीर झाल्यास हृदय बंद पडते.

योग्य मात्रेची सोपी कसोटी म्हणजे साधारण तीन मिनिटांच्या आत पूर्ण भूल यावी आणि स्वच्छ पाण्यात सोडल्यावर पाच मिनिटांच्या आत मासा सरळ पोहू लागावा. भूल येण्यास फार वेळ लागत असेल तर मात्रा कमी आहे. अर्ध्या मिनिटातच मासा आडवा होत असेल तर मात्रा जास्त आहे.

प्रमुख औषधे

लवंग तेल: यातील मुख्य घटक युजेनॉल आहे. ते स्वस्त आहे आणि सहज मिळते. हलक्या गुंगीसाठी ५ ते १० मिलिग्रॅम, तर पूर्ण भुलीसाठी साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा वापरली जाते. भूल लवकर येते, पण उतरण्यास एमएस-२२२ पेक्षा जास्त वेळ लागतो. बाजारातील तेलात युजेनॉलचे प्रमाण सारखे नसते, हा मोठा दोष आहे. दातदुखीसाठी किंवा सुगंधासाठी विकल्या जाणाऱ्या बाटलीवर माशांसाठीची मात्रा दिलेली नसते.

एमएस-२२२: याचे रासायनिक नाव ट्रायकेन मिथेनसल्फोनेट. ही पाण्यात विरघळणारी पांढरी पूड आहे. पूर्ण भुलीसाठी साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा लागते. या पुडीमुळे पाणी आम्लधर्मी होते आणि तो सामूतील बदल माशासाठी वेगळा ताण ठरतो. त्यामुळे पुडीच्या किमान वजनाइतका खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून सामू पूर्ववत करावा लागतो. औषध महाग असल्याने प्रामुख्याने संशोधन संस्थांत वापरले जाते.

बेंझोकेन: रचनेने एमएस-२२२ च्या जवळचे, पण पाण्यात विरघळत नाही. आधी इथेनॉलमध्ये विरघळवावे लागते. मात्रा साधारण २५ ते १०० मिलिग्रॅम प्रति लिटर.

२-फिनॉक्सिइथेनॉल: तेलकट द्रव. मात्रा साधारण ०.२ ते ०.५ मिलि प्रति लिटर. वापरणाऱ्याच्या त्वचेला व डोळ्यांना त्रास होऊ शकतो.

कार्बन डायऑक्साइड: हा वायू पाण्यात सोडल्यास मासा निपचित पडतो, पण त्याआधी जोरात धडपडतो. रक्त आम्लधर्मी होते. ताण कमी करणे हा हेतू असेल तर ही पद्धत टाळावी.

मीठ: मीठ हे भूल देणारे औषध नाही. तरीही त्याचा उल्लेख येथे करणे गरजेचे आहे, कारण अनेक ठिकाणी खरी गरज मिठाचीच असते. पाण्यात थोडे मीठ असल्यास माशाच्या शरीरातून क्षार बाहेर जाण्याचा वेग कमी होतो आणि तो लवकर सावरतो. कार्प माशांना हाताळणीनंतर ३ ते ५ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात खडे मिठाच्या पाण्यात काही काळ ठेवता येते.

लवंग तेलाचे द्रावण कसे तयार करावे?

लवंग तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. थेट टबमध्ये ओतल्यास एका ठिकाणी मात्रा जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य राहते. वर आलेल्या माशाच्या कल्ल्यांना तेल थेट लागते. म्हणून आधी मूळ द्रावण तयार करावे.

- १० मिलि लवंग तेल ९० मिलि इथेनॉलमध्ये चांगले मिसळावे.
- या मूळ द्रावणाच्या १ मिलिमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम लवंग तेल असते.
- द्रावण गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवावे. बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहावी.
- इथेनॉल पेट घेते. विडी-काडी, शेगडी यांपासून दूर ठेवावे.
- इथेनॉल उपलब्ध नसल्यास मोजलेले तेल बाटलीत थोड्या कोमट पाण्यासोबत जोरात हलवून लगेच टबमध्ये मिसळता येते. मात्र हे मिश्रण टिकत नाही आणि तितके एकसारखेही होत नाही.

हिशेबाचे उदाहरण: टबमध्ये ४० लिटर पाणी आहे आणि ४० मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा हवी आहे. ४० गुणिले ४० म्हणजे १६०० मिलिग्रॅम तेल लागेल. १ मिलि द्रावणात १०० मिलिग्रॅम तेल असल्याने १६ मिलि मूळ द्रावण घ्यावे. त्याच टबमध्ये ५ मिलिग्रॅम प्रति लिटर या हलक्या गुंगीसाठी फक्त २ मिलि द्रावण पुरेसे होते. हा फरक मोठा आहे. त्यामुळे अंदाजाने किंवा झाकणाने न मोजता सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे. टबमधील पाणीही बादलीने मोजूनच भरावे.

भूल देण्याची योग्य पद्धत

१. आदल्या दिवसापासून खाद्य बंद ठेवावे. पोट रिकामे असल्यास मासा टबमधील पाणी घाण करत नाही आणि त्याची ऑक्सिजनची गरजही कमी राहते.

२. काम सकाळी थंड वेळेत करावे. पाणी जितके गरम, तितकी भूल लवकर चढते आणि ऑक्सिजन कमी विरघळतो.

३. दोन टब तयार ठेवावेत. एक भुलीचा, दुसरा सावरण्यासाठी. दोन्हींत मासे ज्या तळ्यात किंवा टाकीत आहेत तेथीलच पाणी भरावे आणि एअर पंपाने हवा सोडावी. औषध मिसळण्याआधी सावरण्याचा टब तयार असलाच पाहिजे.

४. त्याच जातीच्या व साधारण त्याच वजनाच्या दोन-तीन कमी महत्त्वाच्या माशांवर आधी चाचणी घ्यावी. भूल येण्याची आणि उतरण्याची वेळ घड्याळात पाहून नोंदवावी. पुस्तकातील मात्रा ही सुरुवात असते. आपल्या पाण्यात आणि आपल्या माशांसाठी योग्य मात्रा चाचणीतूनच ठरते. मागूर, शिंगी यांसारख्या हवेतून श्वास घेणाऱ्या माशांना कार्पची मात्रा तशीच लागू करू नये.

५. एका वेळी पटकन काम उरकेल एवढेच मासे टबमध्ये घ्यावेत. एक जण फक्त कल्ल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी असावा.

६. हात ओले करूनच मासा धरावा. ओल्या फडक्यावर किंवा ओल्या फोमवर ठेवावा, डोळे ओल्या कापडाने झाकावेत. पाण्याबाहेरचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास ठेवावा. मोठे काम असल्यास कल्ल्यांवरून पाणी सोडत राहावे.

७. अंडी किंवा नराचे वीर्य काढायचे असल्यास माशाचे पोट व मागचा भाग आधी कोरड्या मऊ फडक्याने टिपून घ्यावा. औषधाचे पाणी भांड्यात पडल्यास फलनावर परिणाम होतो.

८. काम झाल्यावर मासा सावरण्याच्या टबमध्ये सोडावा. कल्ल्यांची हालचाल मंद असेल तर त्याला हळूहळू पुढे सरकवावे, म्हणजे पाणी तोंडातून कल्ल्यांकडे जाते. मागे-पुढे ओढू नये.

९. मासा स्वतः सरळ पोहू लागल्यावर आणि हाताला चुकवू लागल्यावरच तळ्यात सोडावा. अर्धवट भुलीतील मासा तळाशी जाऊन गाळात गुदमरतो.

१०. एकाच पाण्यात बरेच मासे बुडवल्यावर औषधाचा परिणाम कमी होतो आणि पाणी खराब होते. वरून अंदाजाने औषध न टाकता नवीन द्रावण तयार करावे.

भूल खरोखर गरजेची आहे का?

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी कटक येथे पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. हा दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. या तंत्रामुळे प्रजनक मासा हातात धरणे अपरिहार्य झाले. तरीही अनुभवी कामगार मादीला हातजाळ्यात ओल्या कापडाने धरून अर्ध्या मिनिटात इंजेक्शन देतात. अशा वेळी तीन मिनिटे औषधाच्या पाण्यात आणि पाच मिनिटे सावरण्यात घालवणे माशासाठी अधिक कष्टाचे ठरू शकते.

म्हणून साधा नियम ठेवावा. काम एका मिनिटाच्या आत आणि जखम न होता होत असेल तर भूल देऊ नये. पंगासियसची अंडी दाबून काढणे, खूण लावणे, मोठ्या वजनाच्या धडपडणाऱ्या प्रजनक माशाचे मोजमाप, जखमेवर उपचार अशा कामांत मात्र भूल फायद्याची असते.

वाहतुकीत भूल: फायदा मर्यादित, धोका मोठा

हलक्या गुंगीत माशाची हालचाल कमी होते, त्यामुळे ऑक्सिजनचा वापर व अमोनियाचे उत्सर्जन कमी होते. हे खरे असले तरी मात्रा थोडी जास्त झाल्यास मासे तोल जाऊन तळाशी एकावर एक पडतात. वरच्यांच्या भाराखाली खालचे गुदमरतात. बंद पिशवीत ही चूक दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे मत्स्यजिरे व बोटुकलीच्या वाहतुकीत औषधावर भर न देता पुढील बाबींवर भर द्यावा.

- बोटुकली वाहतुकीपूर्वी हाप्यात साधारण एक दिवस उपाशी ठेवावी. पोट रिकामे झाले की प्रवासात अमोनिया कमी तयार होतो. हाप्यातील दाटीची थोडी सवयही होते.
- पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन ठेवावा.
- वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी. पिशव्या उन्हात ठेवू नयेत.
- पोहोचल्यावर बंद पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने सामू कमी असतो आणि अमोनियाचा विषारीपणा दबलेला असतो. पिशवी उघडल्यावर सामू वाढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. त्यामुळे उघडलेल्या पिशवीत मासे जास्त वेळ ठेवू नयेत. तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळून बीज लवकर सोडावे.

मोठे प्रजनक मासे टाकीतून नेताना हलकी गुंगी उपयोगी पडते. मात्र टाकीत हवा किंवा ऑक्सिजन सतत सुरू असावा, वाटेत थांबून मासे पाहता यावेत आणि मासे सरळ पोहत असावेत.

खाण्यासाठी विकायच्या माशांना भूल देऊ नये

औषधाचा अंश माशाच्या मांसात काही काळ राहतो. अमेरिकेत एमएस-२२२ दिलेला मासा २१ दिवस खाण्यासाठी वापरता येत नाही. लवंग तेलाला तेथील अन्न व औषध प्रशासनाने खाण्याच्या माशांसाठी मान्यता दिलेली नाही. न्यूझीलंडमध्ये आयसोयुजेनॉलवर आधारित खास उत्पादन काढणीच्या वेळी वापरले जाते, पण ते ठरावीक प्रमाणाचे, मान्यताप्राप्त उत्पादन आहे. 'लवंग तर मसाल्यात खातोच' असे म्हणून बाजारातील तेल त्याच्या जागी वापरणे योग्य नाही.

विक्रीच्या माशांचा ताण कमी करण्यासाठी एक दिवस खाद्य बंद ठेवावे, ओढजाळे लवकर आटोपावे, मासे दाटीत ताटकळत ठेवू नयेत आणि काढल्याबरोबर भरपूर बर्फात ठेवावेत. फार धडपडलेल्या माशाचे शरीर लवकर ताठरते आणि मांस लवकर मऊ पडते. त्याचा फटका दराला बसतो.

भूल दिलेल्या प्रजनक माशांवर खूण करावी आणि ते विक्रीच्या मालात मिसळणार नाहीत याची काळजी घ्यावी. कोणतेही औषध वापरण्यापूर्वी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयातील तज्ज्ञांकडे चौकशी करावी.

वापरणाऱ्याची सुरक्षितता

हातमोजे व चष्मा वापरावा. औषध मोकळ्या हवेत मिसळावे. उरलेले पाणी तळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता पाण्यापासून दूर कोरड्या जमिनीवर जिरवावे. बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात.

नोंदी ठेवाव्यात

प्रत्येक वेळी तारीख, माशाची जात व वजन, पाण्याचे तापमान, औषध व मात्रा, भूल येण्याची व उतरण्याची वेळ लिहावी. त्यापुढे तीन दिवसांतील मरतूक नोंदवावी. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. टबमधून मासा पोहत गेला, म्हणजे काम नीट झाले असे समजू नये. तिसऱ्या दिवशी तो खाद्याला येतो की नाही, यावरून आपली मात्रा आणि हाताळणी बरोबर होती का, हे कळते. एका हंगामाच्या अशा नोंदी असल्या की पुढच्या हंगामात आपल्या केंद्रासाठीची मात्रा दुसऱ्या कोणाला विचारावी लागत नाही.